फिरून सांगा

निर्मलामावशी फोन लावायच्या आणि बोलायच्याच नाहीत. पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करून दमायचा, कधी चिडायचा, आणि मावशी मोबाइल कानाशी दाबून, डोळे मिटून, देवळात बसल्यासारख्या बसलेल्या. मग शांतपणे लाल बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो न्हाई चालत." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जागेवरून उठलोच. कारण पलीकडचा माणूस वायदे बाजारातला ब्रोकर होता, मी कितीतरी दिवस मागे लागून त्याला आमच्यासाठी वेळ काढायला लावला होता, आणि मावशींनी त्याला एका शब्दाचीही संधी न देता निकालात काढलं होतं.

"अहो, बोला तरी त्याच्याशी," मी म्हणालो.

"काहून बोलू? आवाजाच्या मागची खोली ऐकली ना."

निर्मला पाईकराव हिंगोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर वायरी खुपसायचा बोर्ड, आणि ट्रंक कॉल लावून द्यायचे, त्या काळातल्या. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्या कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी परत आल्या, यजमानांच्या माघारी राहिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या आणि उरलेल्या जागेत हळद लावली. अर्धं गाव त्यांना ‘जयभीम मावशी’ म्हणून हाक मारायचं, उरलेलं अर्धं ‘एक्स्चेंजवाल्या मावशी’ म्हणायचं. पोरीचं लग्न ठरवायचं असलं की लोक व्याह्यांचा नंबर घेऊन त्यांच्याकडे यायचे. मावशी फोन लावायच्या, ऐकायच्या, आणि सांगायच्या, घर चांगलं आहे की नाही. किती खरं निघालं आणि किती खोटं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. पण लोक येत राहिले.

त्यांची एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. हिंगोलीच्या एका व्यापाऱ्यानं सांगलीला ट्रंक कॉल लावला होता. लाईन खराब. व्यापारी ओरडतोय, ‘ट्रक सोडू नका, ट्रक सोडू नका’, आणि सांगलीच्या माणसाला ‘नका’ ऐकूच जात नाही. तो म्हणतोय, ‘सोडू ना? हां, सोडतो.’ अशा वेळी ऑपरेटरनं मध्ये पडून निरोप पोचवायची पद्धत होती. मावशी मध्ये पडल्या आणि दोघांनाही दटावलं, "फिरून सांगा. सोडायचा का न्हाई सोडायचा?" व्यापारी भडकला, तू कोण विचारणारी म्हणाला. मावशींनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं तेव्हाच वायर सोडली. गोष्ट संपली की त्या बोट वर करायच्या. "मराठीत ‘नको’ शेवटी येतं, दिगू. आन लाईनबी शेवटीच तुटते."

मी दिगंबर. आमच्या गावच्या हळदवाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीचा कारभार बघतो. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काच येते, आमच्या कंपनीला पत्रा आहे. एक शेड, हळद पॉलिश करायचा एक ढोल, एक वजनकाटा आणि पाय हलणारं टेबल. सभासद मात्र खरे, आणि त्यांची हळदही खरी. त्यातली निम्मी हळद गावाला लागून असलेल्या बंजारा तांड्यावरची.

आमचं दुखणं ठरलेलं होतं. जूनमध्ये बेणं लावायचं, माघ-फाल्गुनात काढायची, शिजवायची, वाळवायची, आणि माल हातात येईपर्यंत भाव खाली. वायदे बाजार हा त्यावरचा इलाज आहे असं मला एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. हळद शेतात उभी असतानाच, मे महिन्याच्या भावानं आज विकून ठेवायची. पुढं बाजार पडला तर मोंढ्यावरचं नुकसान वायद्यात भरून येतं. ऐकायला सोपं होतं. पण बाजारात थेट जाता येत नाही, मध्ये ब्रोकर लागतो. आणि ब्रोकर कोणता, इथं माझी झोप उडाली. शेजारच्या गावात एकानं टिप देणाऱ्याच्या नादी लागून वायद्यात हात पोळून घेतले होते, आणि ती बातमी आमच्या प्रशिक्षणापेक्षा लवकर गावात पोचली होती.

दिवाळीनंतर सभा घेतली. मी फळ्यावर आकृत्या काढल्या. तांड्याचे परसराम नाईक भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी हो म्हटलं तर सगळा तांडा हो म्हणणार, नाही म्हटलं तर कंपनी अर्धी रिकामी. माझं बोलून झालं, तसे ते उठले.

"आमाला ते वायदं-बियदं कळत न्हाई. तुमच्यावरबी येऊन न्हाई राहिलो, राग मानू नका. मावशी निवडणार असतील दलाल, तर आमी येतो. मावशीच्या कानावर येऊन राहिलो आमी."

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र मला कळलं की आपल्या डोक्यावर काय ठेवलं गेलंय. ब्रोकर चुकला तर नुसती हळद जाणार नव्हती. घरोघर चहा पिऊन, हातापाया पडून गोळा केलेली माणसं जाणार होती, आणि ती परत येत नसतात.

तर असा आमचा ब्रोकर शोधायचा कार्यक्रम मावशींच्या ओसरीवर सुरू झाला. मावशी बाजेवर, मी खाली पायरीवर, मध्ये फोन.

ज्याचा मावशींनी न बोलता निकाल लावला तो हिंगोलीतला होता. मी हट्टानं त्याला परत फोन लावला, स्पीकरवर. बोलणं गोड. ‘सर, रोज सकाळी टिप देतो, घ्या-विका, महिन्याकाठी फायदा पक्का.’ मी मोठ्यानं मावशींना त्याचं म्हणणं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यानं आपली हळद विचारली का? किती हाये, कवा निघणार?" नव्हती विचारली. "आपल्याला रोज घ्यायचं-विकायचं न्हाई बाबा. एकदा विकायचं न् गप बसायचं. ह्याला रोजचं गिऱ्हाईक पायजे." ही गोष्ट मात्र मला पटली. आपल्याला काय करायचंय हे आधी, आणि ब्रोकर नंतर, एवढं तरी डोक्यात बसलं.

दुसरी एक मोबाइलवरची कंपनी होती. दलाली जवळजवळ नाहीच. माझा जीव तिच्यावर होता, खोटं कशाला बोलू. मावशींनी नंबर लावला, स्पीकर मी चालू केला. यंत्रातली बाई म्हणाली, मराठीसाठी दोन दाबा. मी दोन दाबलं. मग बासरी सुरू झाली, तसं मी मावशींना सांगितलं. मावशींनी फोन बाजेवर ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. जुडी निवडून झाली, बासरी चालूच.

"भाव पडून राहिला अन् ही बाई बासरी लावून बसली तर कोणाला हाक मारशील?"

"मावशी, आता सगळं बटणावर असतं. बोलायची गरजच नाही."

"तुझ्या शेतात रेंज कुठं असती?"

आमच्या हळदीच्या रानात एकाच बांधावर, तेही आंब्याखाली उभं राहिलं, तर फोन लागतो. बोलता येतं. ॲप उघडेपर्यंत चहा होतो.

तिसरी मुंबईची मोठी पेढी. तिथली मुलगी हुशार होती, फडाफड बोलली. मावशींनी त्यांचा मुख्य प्रश्न विचारला. वायद्याचा सौदा केला की ब्रोकर अनामत रक्कम ठेवून घेतो. भाव आपल्या उलट गेला की ती वाढवावी लागते, नाहीतर सौदा कापतात, म्हणजे मध्येच बंद करून टाकतात. "तर अनामत कमी पडली म्हणून आधी कळवता, का न कळवता सौदा कापता?" मुलगी म्हणाली, सिस्टिम आपोआप कापते, मेसेज येतो. मावशी म्हणाल्या, फिरून सांगा. तिनं सांगितलं. मावशी परत म्हणाल्या, फिरून सांगा. तिसऱ्यांदा मुलीनं फोन ठेवला. मला वाटलं, काय कसून परीक्षा घेतात मावशी. पोलिसात जायला हव्या होत्या.

असे दिवस जात राहिले. संक्रांत जवळ आली, रानात हळदीची पानं पिवळी पडायला लागली, नाईक रस्त्यात भेटले की नुसते भुवया उडवायचे. मला अन्न गोड लागेना. बायको, सुनीता, म्हणायची, "नवरी बघायला इतके दिवस लावले नव्हते तुमी."

मग नांदेडचे कय्यूमभाई मिळाले. कुणीतरी नंबर दिला होता. मावशींनी फोन लावला, नेहमीसारख्या गप्प. पलीकडून घंटा वाजावी तसा आवाज आला, "हां बोलो. कौन बोल रहे? आवाज नहीं आ रही. मैं रुकता हूँ, तुमी बोला." आणि माणूस खरोखर थांबला. चिडला नाही, फोन ठेवला नाही. मावशींनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या भरभरून बोलल्या. आमचं गाव, आमची हळद, काय करायचंय ते सगळं सांगितलं. कय्यूमभाईंनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली. "तुमारी हळद. मे का वायदा. बेचने का है, लेने का नहीं. बराबर?"

"बराबर," मावशी म्हणाल्या. "आन अनामत कमी पडली तर?"

"मैं खुद फोन करता. दोन बार करतो. नहीं उठाया तो नियमानं कापावं लागतं, वो मेरे हात में नहीं. झूट काहून बोलू?"

फोन ठेवून मावशी समाधानानं माझ्याकडे वळल्या. "ह्यो चालतो. मागं कुठंतरी पत्रा ठोकून राहिलेत. कामाच्या जागंत बसलाय माणूस, गादीवर न्हाई."

कय्यूमभाईंची दलाली सगळ्यांपेक्षा महाग होती. मी कुरकुर केली, मावशींनी ऐकली नाही. मग मी माझं काम केलं. सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंदणी तपासली, ती निघाली. नाईकांना निरोप गेला की मावशीनं निवडला. तांड्यानं हो म्हटलं. आणि मी सह्यांसाठी नांदेडला गेलो.

कय्यूमभाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, एका निवांत गल्लीत. खाली डोळ्यांचा दवाखाना आणि साड्यांचं दुकान. आत सतरंजी, काचेचं दार, पंख्याचा सुद्धा आवाज नाही. कय्यूमभाई पांढऱ्या दाढीचे, समोरच्याला उठून खुर्ची देणारे. मी सह्या करत होतो आणि माझं चित्त खिडकीकडे होतं. शेवटी न राहवून विचारलं, "भाई, इथं पत्र्याचं काम कुठं चालतं?"

"कैसा पत्रा?"

"म्हणजे ठोकाठोकी. गॅरेज वगैरे."

"नहीं भाई. दवाखाना है नीचे, कौन ठोकने देगा?"

सह्या संपल्या, चहा झाला, मी बसमध्ये बसलो. नांदेड मागे पडलं आणि एकेक गोष्ट माझ्यासमोर येऊन बसायला लागली. मावशींच्या घरचा टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू येतो. कुकरच्या शिट्ट्या होत राहतात आणि शेजारीण ओरडते तेव्हा मावशी उठतात. मी काही बोललो की त्या माझ्या तोंडाकडे बघतात, डोळ्यांकडे नाही. मुंबईच्या मुलीला तीनदा विचारलं. हिंगोलीवाल्याचं म्हणणं मी मोठ्यानं सांगितलं तेव्हाच त्यांनी उत्तर दिलं. बस कळमनुरीला पोचेपर्यंत मला कळून चुकलं. पत्रा नांदेडात वाजत नव्हता. मावशींच्या कानात वाजत होता.

मी स्टँडवरून घरी न जाता सरळ त्यांच्याकडे गेलो. त्या अंगणात, माझ्याकडे पाठ करून, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी मागं उभा राहिलो आणि हाक मारली. "मावशी." शेंगा सोलणं चालू. जरा मोठ्यानं, "मावशी, घराला आग लागली." एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला. मला रडूच आलं तिथं. मग माझी सावली सुपावर पडली तशा त्या वळल्या.

"आलास? झाल्या सह्या?"

मी समोर बसलो, तोंड दिसेल असा. "कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी नाकारलं नाही. सुपातले दाणे हातानं सारखे करत राहिल्या. "डावा गेला त्याला लई दिवस झाले. उजव्यात काईतरी वाजतंय. दिसभर ठोकल्यावानी."

"मग इतके दिवस तुम्ही ऐकत काय होता?"

"तुला खरं सांगू? मला त्यो एकलाच ऐकू आला." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बाकीचे काय बोलले, मला कळलंच न्हाई दिगू. त्यो मोठ्यानं बोलला. आन दोनदा बोलला."

मी डोकं धरलं. अख्खा तांडा ज्या कानावर आला होता तो कान नव्हताच. त्यांनी ब्रोकर निवडला नव्हता, जो कानात शिरला त्याला धरलं होतं. मी रागानं बोललो, बरंच बोललो, काय बोललो ते आता आठवायला नको. त्यांना ऐकू आलं की नाही तेही मला माहीत नाही. तोंड बघून त्या समजल्या असतील.

"सांग तांड्याला," शेवटी त्या म्हणाल्या. "तुला वाटलं तर आजच सांग. पण सौदा झाल्यावर सांगितलंस तर माझ्यावर उपकार होतील. सारं गाव मला कानानंच वळखतं रे. त्योच गेला म्हणल्यावर मी कोण?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भीती होती, नुसती भीती, नापास होणाऱ्या पोरीसारखी. मी उठून घरी आलो आणि सुनीताला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "दुसरा शोधायला वेळ हाये का?" नव्हता. भाव तेव्हा चांगला होता, किती दिवस राहील कुणी सांगावं. खातं उघडलं होतं, कंपनीची अनामत भरायची तयारी झाली होती. मी तांड्याला सांगितलं नाही. नाईक दिसले की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

सौद्याच्या दिवशी सकाळी मी आंब्याखालून कय्यूमभाईंना फोन केला. भाव चढत होता. मला मोह झाला. म्हटलं, थोडा आणखी वर ठेवा, तिथं पोचला की विका. त्यांनी परत म्हणून दाखवलं, मी बराबर म्हटलं. मग मी बांधावर बसून राहिलो. आमच्या रानात त्या दिवशी पहिली हळद उकरत होते, ओल्या हळदीचा वास सगळीकडे. दुपारी फोन करून भाव विचारला तर चढ थांबला होता. थोड्या वेळानं विचारला तर खाली. पुन्हा विचारला तर आणखी खाली. आता आहे त्या भावात विकून मोकळं व्हावं हे उघड होतं. आमच्याकडे माल विकला म्हणायचं तर माल सोडला म्हणतात. व्यापारी असंच बोलतात, आम्हीही असंच बोलतो. मी फोनवर ओरडलो, "भाई, सोडा आता. लवकर सोडा."

"हां. छोड देता," कय्यूमभाई म्हणाले. आणि मग, त्यांच्या सवयीनं, "फिर से बोलता, सुनो. सुबह का ऑर्डर रद्द. हळद बेचने की नहीं. बराबर?"

त्यांच्या दृष्टीनं चूक काहीच नव्हती. सकाळची ऑर्डर लागली नव्हती, भाव पडत होता, गिऱ्हाईक म्हणतंय सोडा, म्हणजे सोडून द्या, जाऊ द्या. मुंबईच्या मुलीनं, बासरीवाल्या बाईनं, कुणीही तेच केलं असतं आणि मला न सांगता केलं असतं. मी सौदा झाला समजून घरी जाऊन जेवलो असतो.

"न्हाई, न्हाई भाई," मी म्हणालो. "विका. सोडा म्हणजे विका. आहे त्या भावात विका."

"बेचने का. मे का वायदा. जो भाव है उसमें. बराबर?"

"बराबर."

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला, सौदा झाला. मी चपला हातात घेऊन ढेकळांतून पळत मावशींकडे गेलो आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. काय घडलं ते सगळं सांगितलं, ‘सोडा’सकट.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फिरून सांग."

मी फिरून सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. नंतर म्हणाल्या, "माझा कान न्हाई कामी आला दिगू. त्याचं तोंड कामी आलं." मग चहा टाकायला उठल्या आणि साखर घालायची विसरल्या.

पुढं भाव पडतच गेला. मध्ये एकदा उसळला तेव्हा कय्यूमभाईंचा फोन आला, अनामत वाढवा म्हणून, आणि मी उचलेपर्यंत दुसऱ्यांदाही आला. हळद वाळून पोत्यात भरली तेव्हा बाजारात तिला जे कमी मिळालं ते वायद्यात भरून आलं. कुणी श्रीमंत झालं नाही. पण कुणाचं मन मोडलं नाही, तांडा कंपनीत राहिला, आणि नाईक समोर दिसले तरी मी गल्ली बदलायचं थांबवलं.

हिशोबाच्या सभेला मावशी उशिरा आल्या. त्यांच्या उजव्या कानामागं पांढरं यंत्र होतं, आणि केस मुद्दाम मागं घट्ट बांधलेले, सगळ्यांना दिसावं म्हणून. शेडमधलं बोलणं थांबलं. नाईकांनी विचारलं, "मावशी, ह्ये काय बसिवलं?"

"रिसीव्हर," मावशी म्हणाल्या. "जुना खराब झाला व्हता. दलाल निवडला तवाबी खराबच व्हता. तुमाला सांगितलं न्हाई, ते चुकलं."

नाईक यंत्राकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, "मग पुढच्या साली कोण निवडणार?"

"पुढच्या साली निवडायचं काहून? हाये की त्यो. दोनदा बोलतोय तवर ठेवा. एकदा बोलायला लागला की सोडा." आणि घाईनं पुढं म्हणाल्या, "सोडा म्हणजे विकायचा न्हाई त्याला." शेड हसली. नाईकही हसले, जरा उशिरा.

यंत्र लावल्यापासून मावशींना फोनचं वेडच लागलं. रोज सकाळी मला फोन, काही कारण नसताना. एक वाक्य बोलायच्या, मी ते परत म्हणायचं, त्या बराबर म्हणायच्या आणि ठेवायच्या. ‘आज ढग हायेत.’ आज ढग आहेत. बराबर. ‘बाजारात वांगी महाग.’ वांगी महाग. बराबर. सुनीता म्हणायची, तुमचं काय एक्स्चेंज सुरू झालंय का. मी वैतागायचो, आणि एखाद्या दिवशी फोन उशिरा आला की काळजीनं दारात येऊन उभा राहायचो.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. लेक नागपूरला असते, ती गाडी घेऊन आली, ऑपरेशन तिकडंच ठरलं. मी तेव्हा हळदीला माती लावायला रानात होतो. गाडी कनेरगाव नाक्यावर चहाला थांबली होती, तिथून मावशींचा फोन आला. मी आंब्याखाली गेलो. मागं ट्रकचे हॉर्न, ढाब्यावरची भांडी, सगळं ऐकू येत होतं.

"दिगू," त्या म्हणाल्या, "येते मी."

"येता तुमी," मी म्हणालो.

"बराबर." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे जाणारी बाई जाते म्हणत नाही, येते म्हणते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मावशींना तर माहीत होतंच. नागपूरहून त्या परत आल्या नाहीत. मी अजून त्या आंब्याखाली उभा राहून कय्यूमभाईंशी सौदे करतो, ते दोनदा बोलतात, मी दोनदा बोलतो, आणि फोन ठेवल्यावर दरवेळी तेच मनात येतं. त्या दिवशी मी मावशींचा शब्द नुसता परत म्हटला. येते म्हणजे काय, हे फिरून विचारलं नाही.